आत्याचा दुरुस्तीचा अर्ज

माझी आत्या वकील होती, आणि चूक कबूल करणं तिच्या रक्तात नव्हतं. आमटी खारट झाली तर म्हणायची, "हल्ली मीठच फार खारट येतं." तिच्या हाताखाली मी वकिली शिकले, म्हणजे मुख्यतः बोलणी खाल्ली. गुडघे दुखायचे म्हणून कोर्टाचा जिना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पायरी बघत आणि बांधणाऱ्याचा उद्धार करत चढायची.

एकदा आमच्याकडे एक सुतार आला. वाचनालयाच्या नव्या इमारतीसाठी त्याने लाकडी जिना घडवला होता. पण इमारतीच्या मालकाने करार मोडला आणि जिना घेतलाच नाही. सुट्या पायऱ्या ताडपत्रीखाली पडून होत्या. "ताई, तो जिना दुसरीकडे कुठेच बसायचा नाही," सुतार म्हणाला. "तिथे उभा राहिला नाही, तर त्याचं सरपण होईल." आत्याने करार वाचला आणि दावा ठोकला. त्यात लिहिलं, काम मुदतीत पूर्ण झालं होतं.

इथेच घोडं पेंड खात होतं. समोरच्या वकिलाने सुताराचंच पत्र पुढे केलं. त्यात उशिराबद्दल माफी मागितलेली. मुदत लेखी, उशीर कबूल, मग साक्षीपुरावा हवाच कशाला? कागदांवरूनच निकाल द्या, असा त्याने अर्ज केला. तो मंजूर झाला असता तर सुताराला कोर्टात तोंड उघडायचीही संधी नव्हती.

आत्या मला घेऊन तडक सुताराच्या कारखान्यात गेली.

"अहो, उशीर झाला हे सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, काम पुरं झालं का. झालं होतं की."

"मग उशीर का झाला?"

सुतार अवघडला. मालकाने मध्येच खाली जाड फरशी घालायचं ठरवलं, त्यामुळे जिन्याची उंची कमी झाली. सावकाश करा, मुदतीचं बघू नका, असं मालकच म्हणाला होता. पण त्यांच्या धंद्यात गिऱ्हाइकाने बेत बदलला तरी तक्रार करत नाहीत. उलट माफी आपणच मागायची.

"खालची एक पायरीच तेवढी बुटकी करायची ना," मी अक्कल पाजळली.

"आणि कुणी पडलं म्हणजे? पहिल्या दोन पायऱ्यांत पाय उंची शिकतो, पुढे बघत नाही. म्हणून सगळ्याच पुन्हा नव्याने केल्या."

आत्या त्या पायऱ्यांवरून नुसता हात फिरवत राहिली.

ऑफिसात मी सुचवलं की दाव्याच्या शेवटी उशिराच्या कारणाचं एक वाक्य घालू. "वर 'मुदतीत' म्हणायचं आणि खाली उशिराचं कारण द्यायचं?" ती खेकसली. "वाचणारा तोंडावर आपटेल." तिने अख्खा दावा पहिल्या परिच्छेदापासून नव्याने लिहिला आणि दुरुस्तीची परवानगी मागितली.

"हरायची वेळ आली की यांची गोष्ट बदलते," समोरचा वकील कोर्टात म्हणाला.

न्यायाधीशांनी आत्याकडे पाहिलं. "हे आधीच का लिहिलं नाहीत?"

आमच्या धंद्यात याचं उत्तर ठरलेलं असतं: अशिलाने सांगितलं नाही. ते अर्धं खरंही होतं. शेजारी सुतार मान खाली घालून बसला होता.

"मी विचारलं नाही," आत्या म्हणाली. "चूक माझी आहे, माझ्या अशिलाची नाही."

जिने आयुष्यात मिठाचीसुद्धा चूक मान्य केली नाही, ती भरल्या कोर्टात सरळ उभी होती, आवाजही कापत नव्हता. आत्याने जिंकलेले कितीतरी खटले मी पाहिलेत. पण त्या क्षणाइतका आदर मला कुणाबद्दल कधी वाटला नाही.

दुरुस्ती मंजूर झाली. मुदत कुणी वाढवली हे आता साक्षी घेऊनच ठरवावं लागणार होतं, म्हणून कागदांवरच्या निकालाचा अर्ज फेटाळला गेला. सुताराने पिंजऱ्यात उभं राहून पायऱ्यांची हकीकत सांगितली. उलटतपासणीत आत्याने मालकाकडून फरशीचं आणि 'सावकाश करा'चं सगळं वदवून घेतलं. मालकाने करार पाळावा, असा निकाल लागला.

वाचनालयात जिना उभा राहिल्यावर सुताराने आम्हाला बोलावलं. मी सवयीने खांदा पुढे केला. आत्या सुताराशी बोलत, वरच्या खिडकीकडे बघत चढायला लागली. पायाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. सुताराने डोळे पुसले.

वर पोचल्यावर ती वळली. "अगं, तू खाली काय करतेयस?"