‘बायकोला सांगू नका’ नावाची डबी

माझ्या नवऱ्याची शेवटची डबी तुम्ही सगळ्यांनी मिळून हरवलीत.

संदीप गेले त्याला आज वर्ष झालं. फर्स्ट शिफ्टला निघाले होते. चाकणच्या कंपनीची बस यायच्या आधीच स्टॉपवर छातीत कळ आली.
पुढचं तुम्हाला माहीत आहे. श्रद्धांजलीचे स्टेटस त्यांच्या ग्रुपमधल्या तुम्हीच ठेवले होते.

ज्यांना त्यांचा नाद माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. जिओकॅशिंग.
कुणीतरी एक डबी लपवतं आणि तिचं लोकेशन अ‍ॅपवर टाकतं. बाकीचे शोधतात, आतल्या कागदावर सही करतात आणि डबी होती तिथेच परत ठेवतात.
बस्स, एवढंच. यासाठी मोठी माणसं झुडपात शिरतात.

लग्न झालं तेव्हा मला वाटलं, लातूरचा चांगला माणूस इकडे येऊन बिघडला. रविवारी लोक घरी मटण आणतात. हा माणूस पँटला काटे चिकटवून यायचा.

माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्या एकेक करून गायब व्हायच्या.
शेवटची गेली ती लोणच्याची. स्टीलची, मामाने लग्नात दिलेली, झाकणावर माझं नाव कोरलेली.

‘‘अहो, नाव आहे तिच्यावर माझं!’’
‘‘म्हणून तर घेतली. कुणी ढापणार नाही.’’

ती त्यांनी चऱ्होलीला लपवली. शेतमालकाला रीतसर विचारून, बांधावरच्या बाभळीच्या बुंध्याशी, दगडांत. सोबत आमची तनू होती. तिने तिची पिवळी क्लिप आत ठेवली.
अ‍ॅपवर डबीचं नाव दिलं, ‘बायकोला सांगू नका’.
मला कळलंच. भांडण मी दिवाळीच्या साफसफाईपर्यंत राखून ठेवलं होतं. तोवर ते थांबले नाहीत.

एक गोष्ट सांगायची आहे. नीट वाचा.

आळंदीला एकदा तनूला एक डबी काही केल्या मिळेना. रडकुंडीला आली पोर. म्हणाली, ‘‘बाबा, सापडली असं लिहून टाकू ना. कुणाला कळतंय?’’
संदीप कधी कुणावर ओरडायचे नाहीत. तेव्हा ओरडले.
मग भेळ खाऊ घालून समजावलं. ‘‘बाळा, ‘सापडली नाही’ लिहायला लाज कसली? ते वाचूनच मालकाला कळतं की काहीतरी गडबड आहे, जाऊन बघावं. तू खोटं लिहिलंस तर तो बिचारा निवांत बसणार आणि डबी जाणार.’’
तिने नाक ओढत ‘सापडली नाही’ लिहिलं.

ते गेल्यावर त्यांचा फोन मी बंद केला नाही. चार्ज करत राहिले. त्यांच्या डबीवर कुणी काही लिहिलं की त्यावर मेल येतो.

‘सापडली. मिस यू भाऊ.’
‘सापडली. डबी एकदम ठणठणीत. भाऊ, तुम्ही इथेच आहात.’

प्रत्येक मेल मी तनूला वाचून दाखवला.
तिथे जायचा धीर दोघींनाही होत नव्हता. म्हटलं, वर्षाच्या दिवशी जाऊ. डबी कुठे पळून जातेय? सगळे सांगतायत ना, आहे म्हणून.

आज सकाळी गेलो. सोबत निघोज्याचे प्रशांतभाऊ होते. त्यांना हा नाद संदीपनीच लावला.

बांध नाही. बाभूळ नाही.
सोसायटीची कंपाउंड वॉल आहे आणि आत टॉवर चढतोय.

भिंतीच्या बुडाशी दोन-चार दगड रचलेले होते. तनूने झडप घालून त्यातून डबी काढली.
प्लास्टिकची. नवी कोरी.
तिने ती उघडली, बंद केली आणि माझ्या हातात दिली.

‘‘आई, ही आपली नाहीये. क्लिप पण नाहीये.’’

प्रशांतभाऊ खाली बघत होते.
‘‘वहिनी, ही म्या कालच ठिवली. पोरगी रिकाम्या हातानं माघारी जायला नगं म्हणून.’’
‘‘आणि आमची?’’
‘‘दिवाळीनंतर जेसीबी फिरला हितं. म्या आलो तवा निस्ता मुरमाचा ढीग व्हता.’’
‘‘मग ‘सापडली’ कुणी लिहिलं?’’
‘‘पयलं मीच. भाऊंच्या डबीवर ‘न्हाई सापडली’ लिवायला हात धजंना, वहिनी. मंग बाकीच्यांनी बी तसंच लिवलं. न येताच.’’

तो ढीग उन्हाळ्यापर्यंत तिथेच पडून होता म्हणे.
उन्हाळ्यापर्यंत!

एकाने, फक्त एकाने खरं लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी गेले असते. हातांनी उपसला असता तो ढीग. पिठासारखा चाळला असता. झाकणावर माझं नाव होतं हो.

तुम्ही मनाचे वाईट नाही. तेराव्याला पंगतीत वाढायला तुम्हीच होतात, ते मी विसरले नाही.
पण माझा राग जात नाहीये. जाईल असं वाटतही नाही.

प्रशांतभाऊ रडले. मी त्यांची समजूत काढली नाही.

येताना रिक्षात तनूने माझा फोन मागितला. तिचं अकाउंट त्यात आहे, बाबांनीच काढून दिलेलं. काहीतरी लिहीत होती, खोडत होती.

घरी येऊन फोटोला हार घालत होते. शेजारी ठेवलेला संदीपचा फोन वाजला.
‘तुमच्या डबीवर नवी नोंद.’

‘सापडली नाही. मी आणि आईने शोधली.’

हे वाचून मालकाने जाऊन बघायचं असतं.

अहो, पोरीने खरं लिहिलंय. तुम्ही शिकवलं होतं तसंच.
आता जाऊन बघणारं कुणी नाही.

आम्ही दोघी बऱ्या आहोत, असं मी इथे लिहिणार नाही.
नमस्कार करते.