दादारावांचा झाडू

चितेगावच्या आमच्या प्लांटातले किस्से कुणी लिहून ठेवलेले नाहीत. चार जुने लोक जमले, चहा आला, की आपोआप सुरू होतात. अन् निम्म्यांत तरी ऑपरेटर दादाराव असतातच!

काम आमचं सरळ. पाण्यात वीज सोडायची, हायड्रोजन काढायचा, दाबानं सिलिंडरमध्ये भरायचा. पण वर्षं दुष्काळाची! दादारावांच्या फुलंब्रीकडच्या गावाला टँकर आठवड्यातून एकदा. बायकोनं एकदा विचारलं, "गावात प्यायला थेंब नाय, अन् तुम्ही दिवसभर पाणी फोडीत बसता व्हय?"

दादाराव म्हणाले, "पगार त्याचाच हाय."

* * *

हायड्रोजन पेटला तर उन्हात जाळ दिसत नाही. म्हणून दादाराव राउंडला लांब दांड्याचा झाडू पुढं धरून चालायचे. झाडू पेटला, की तिथंच थांबायचं. जाळ ओळखणारं यंत्र आम्ही मागितलं होतं हो, फाईल मंजुरीत होती!

नवे सेफ्टी साहेब आले. झाडू बघून भडकलेच. "मॅन्युअलमध्ये झाडू कुठंय?"

झाडू साहेबांच्या कपाटात, दादारावांना मेमो. माणूस कंत्राटी, पोरगी उस्मानपुऱ्यात खोली घेऊन शिकतेय. दुसरा मेमो म्हणजे गेट बंद. मला लई वाईट वाटलं.

* * *

मग साहेबांनी आगीची ड्रिल घेतली. भोंगा वाजला, पाइप उघडला, तर नुसती हवा! मोठे पाहुणे येणार म्हणून टाकीतलं पाणी लॉनला मारलेलं.

साहेबांनी रिपोर्ट लिहिला, "ड्रिल यशस्वी. पाणी आहे असं गृहीत धरलं."

* * *

पाहुणे आले ते भर दुपारी. साहेब त्यांना घेऊन पुढं, मी मागं, अन् पुष्पगुच्छ धरायला दादाराव. दाबाच्या पाइपापाशी बारीक सूं सूं आवाज आला.

"थांबा!" दादाराव ओरडले. साहेबांनी नुसते डोळे वटारले अन् पाऊल उचललं. तेवढ्यात दादारावांनी आडवं येऊन गुच्छ पुढं केला. समोर काहीच दिसत नव्हतं, अन् गुच्छाचा कागद भस्सकन पेटला! दादारावांनी तो टाकला, धावत जाऊन प्लांट बंद केला.

संध्याकाळी दुसरा मेमो आला. 'पाहुण्यांचा पुष्पगुच्छ जाळल्याबद्दल लेखी खुलासा करावा.'

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दादाराव, चांगलं दोन पानं लिहा!"

त्यांनी एकच ओळ लिहून सही ठोकली.

"साहेब, हातात दुसरं काही नव्हतं."