मुठीतले स्क्रू

चौदा डिसेंबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. मी स्वतः जोडलेला नवा संगणक सुरू होत नव्हता आणि दुसऱ्या दिवशी त्यावरूनच संशोधन शिष्यवृत्तीची मुलाखत द्यायची होती. मी तो सांगलीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार जेवायला गेला, तेव्हा मी त्याच्याच टेबलावर संगणक उघडला. मोबाइल दुरुस्तीला पलूसहून आलेल्या एका अनोळखी बाईंनी न विचारता हात पुढे केला आणि मी काढलेले स्क्रू मुठीत घट्ट धरले.

मेमरीची एक पट्टी काढून पाहिली. पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला. दुसरी लावली, तरी तेच. मी पेचकस खाली ठेवला.

"आगं, रेडकू बी पयल्यांदा उठताना दोनदा पडतंय," त्या म्हणाल्या. "आपून नुसतं जवळ बसायचं."

"आणि उठलंच नाही तर?"

"तर आजून बसायचं. मला कुटं घाई हाय?"

त्यांचा मोबाइल तर दुरुस्त होऊन केव्हाच पिशवीत गेला होता.

मी पट्टी शेजारच्या खाचेत, 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबली. पडदा उजळला. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर स्क्रूंचे वळ उमटले होते.

पडद्यावरचा आकडा मी नोंदवला. प्रोसेसरचे तापमान: सदतीस अंश, माणसाच्या अंगाइतकेच.