बोल्ट कुणाच्या हातात?

इलाही मिस्त्री गेल्याची बातमी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी आली. जोडलेले हात, फुलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'... त्या हातांची रांग अजून संपली नव्हती, तोवर एका महाभागानं विचारलं, "मग आता गाडीचं ऑइल कुठं बदलायचं? कुणी चांगला माणूस सुचवा." आणि ग्रुप जागा झाला! श्रद्धांजलीला नुसते हात चिकटवणारे लोक आता परिच्छेदच्या परिच्छेद लिहायला लागले. एक म्हणाला, शोरूमच बरं. दुसरा म्हणाला, पेट्रोल पंपाशेजारच्या नव्या सेंटरमध्ये बसायला एसी आहे. माणसाची अजून माती व्हायची होती, आणि ह्यांना बसायला एसी पाहिजे. मी मोबाइल पालथा टाकला आणि मोठ्यानं शिव्या घातल्या. पण खोटं कशाला बोलू, बातमी वाचल्याबरोबर माझ्याही मनात आधी हाच प्रश्न आला होता. म्हणजे त्या शिव्यांतला मोठा वाटा माझाच. त्याला आता सहा आठवडे होत आले. राग उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पोरांना फळ्यावर घर्षण शिकवलं, पण गाडीचं तेल काळं का होतं ते मला कळलं इलाहीच्या शेडमध्ये. पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीकडं जाताना डाव्या हाताला ती पत्र्याची शेड. पाटी नाही, खुर्ची एकच, तिचाही एक पाय जोडलेला. मूळचा कुरुंदवाडचा माणूस, उंच, हडकुळा, बोलायला तोडून टाकणारा. माझी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली गाडी घेऊन मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो गाडीखाली शिरला आणि खालूनच एक काळाकुट्ट हात बाहेर आला. हातात तेलानं माखलेला एक बोल्ट. "धरा." मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाला, "तेलाच्या टाकीचा बोल्ट. सगळं तेल गळंस्तोवर तुमच्याकडं. मी मागितला की द्यायचा. खिशात घालायचा न्हाय, खाली ठेवायचा न्हाय." मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बोल्ट हातात धरून, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरागत उभा. तेल गळून संपल्यावर त्यानं बोल्ट मागून घेतला, लावला, मला वाकून बघायला सांगून पाना फिरवला आणि खालून ओरडला, "फिरला? बघितलासा न्हवं?" मी 'फिरला' म्हणेपर्यंत गडी बाहेर आला नाही. मग हात पुसायला लाकडाचा भुसा दिला.

हे खूळ कशापायी, ते त्यानं फार पुढं सांगितलं. तरणा असताना एका डॉक्टरांच्या गाडीला त्यानं बोल्ट नुसता बोटांनी बसवला, पाना फिरवायचा राहिला. गाडी चंदगडच्या वाटेवर, धो धो पाऊस, तेल सगळं रस्त्यावर आणि इंजिन जाम. इलाही स्वतः टेम्पो घेऊन गेला, गाडी आणली, महिनाभर खपून इंजिन उभं केलं. "डॉक्टर एका शब्दानं बोललं न्हाईत, सर. शिवी दिली असती तर बरं झालं असतं... तवापासनं बोल्ट मालकाच्या हातात. माझ्या डोसक्यावर माझा भरवसा न्हाय. तुमच्या हातावर हाय." आमच्या गावात स्वतःच्या डोक्यावर भरवसा नसलेला मी बघितलेला हा एकच माणूस. बाकी सगळे उंटावरचे शहाणे. ह्या शहाण्यांना हात काळे होण्याचा फार त्रास. एका वकिलानं बोल्ट दोन बोटांत रुमालानं धरला, मेलेला उंदीर उचलावा तसा. इलाही गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "पावणं, आणा इकडं. बसीवतो, आणि गाडी घिऊन जावा. दुसरीकडं दावा." त्या दिवशी मी इतका हसलो की पोटात कळ आली. मी काय, रुमाल न लावणारा! मला वाटायचं, आपण ह्या वकिलासारखे नाही.

मग मुलानं पुण्याहून नवी गाडी घेऊन दिली. "बाबा, आता त्या शेडमध्ये नेऊ नका, वॉरंटी जाईल." मला काय, निमित्तच पाहिजे होतं. गाडी शोरूमला जायला लागली. तिथं काचेची खोली, थंडगार. गळ्यात टाय बांधलेला एक जण दर वाक्याला तीनदा 'सर' म्हणायचा, आणि त्या प्रत्येक 'सर'ला मी आतून फुगायचो. एक तपकिरी गरम पाणी द्यायचे, त्याला कॉफी म्हणायचं. गाडी पलीकडच्या दारातून आत जायची आणि दोन तासांनी चकाचक धुऊन यायची. बाहेरून धुतलेली गाडी बघितली की आमच्यासारख्यांची खात्री पटते, आतूनही धुतली असणार. तेल बदललं का, असं मी एकदाही विचारलं नाही. कागदावर लिहिलेलं असायचं की! जाताना तो टायवाला म्हणायचा, "सर, पाच स्टार द्या हां." मी द्यायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा. शेडवरून जाताना मी काच वर करायचो आणि मान उजवीकडं वळवायचो, जणू पलीकडं काही भारी बघण्यासारखं आहे. तिथं विटांचा ढीग होता. दोन वर्षं मी विटा बघितल्या. एकदा सिग्नलला त्याची स्कूटर नेमकी शेजारी येऊन थांबली. गाडीवर नजर फिरवून म्हणाला, "नवी व्हय? भारी हाय की!" वर ना टोमणा, ना प्रश्न. हिरवा दिवा लागला आणि मी चोरासारखा पळालो.

दोन वर्षांनी इंजिन खरखरायला लागलं. शोरूमवाले म्हणाले, "सर, आवाज नॉर्मल आहे." शेवटी लाज गुंडाळून शेडला गेलो. इलाहीनं तेलाची काडी काढली, थेंब बोटांत चोळला, वास घेतला. "कवा बदललं?" "गेल्या महिन्यात. बिल आहे माझ्याकडं," मी म्हटलं. "बिलाला वास नसतोय, सर." मग तो खाली शिरला आणि मलाही वाकून बघायला लावलं. बोल्टवर चिखल दगडासारखा थापलेला, दोन पावसाळ्यांचा. "कारखान्यातनं निघाल्यापासनं ह्याला पाना लागलेला न्हाय... बोल्ट कुणाच्या हातात हुता, सर?" तेव्हा माझ्या हातात कॉफी होती.

त्यानं चिखल फोडला, बोल्ट काढला. डांबरासारखं तेल गळायला लागलं. मी सवयीनं हात पुढं केला. आणि इलाहीनं बोल्ट शेजारच्या डब्याच्या झाकणावर ठेवला. "असू द्या सर. हात घाण व्हईल."

एवढंच. एवढंच बोलला तो, दोन वर्षांवर. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, हे तेव्हा मला कळलं. बोल्ट त्यानं स्वतःच लावला, पाना फिरवला, पण 'फिरला?' म्हणून विचारलं नाही. पुढचं तेल किती किलोमीटरला बदलायचं तो आकडा पिवळ्या रंगानं दाराच्या आतल्या कडेवर लिहिला आणि दुसऱ्या गाडीकडं गेला. शोरूमला जाऊन मी भांडलो असेन असं वाटत असेल तर तसं काही नाही. पाच स्टार दिलेला माणूस कुठल्या तोंडानं भांडणार?

त्यानंतर मला एकच गोष्ट पाहिजे होती. तो बोल्ट परत माझ्या हातात. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माणसाला असलं काही पाहिजे असावं, ह्याचं हसू येतं, पण होतं खरं. चार महिन्यांनी मी उगाच गेलो आणि म्हटलं, "मिस्त्री, तेल बदला." त्यानं दार उघडून आकडा बघितला, मीटर बघितला. "अजून आठशे किलोमीटर हाईत. चांगलं तेल का वाया घालवता?" मी म्हटलं, "असू दे, बदला." "न्हाय," तो म्हणाला, "टाइम झाला की या." दुसरा कुणी असता तर तेल बदलून मोकळा झाला असता. हा नाही म्हणाला. तीच शेवटची भेट.

मग मी किलोमीटर संपवायला निघालो. हिला घेऊन दोनदा कुरुंदवाडला गेलो, संगमावर बसून भडंग खाल्लं आणि परत आलो. ही म्हणाली, "अहो, तिथं आपलं कोण आहे?" एकदा चंदगडला जाऊन काजू घेऊन आलो, जसे काही कोल्हापुरात काजू मिळत नाहीत. रोज सकाळी भाजी आणायला गाडी काढायची. सुशिक्षित गाढव कसं असतं ते बघायचं असेल तर तेव्हा मला बघायला हवं होतं. नव्वद किलोमीटर उरले होते... आणि ग्रुपवर ते जोडलेले हात आले. रात्री झोपेत हृदय थांबलं म्हणाले. मातीला मी गेलो. ग्रुपवरच्या त्या हातांपैकी तिथं एकही नव्हता.

आकडा ओलांडून आता बराच काळ झाला. परवा त्या एसीवाल्या सेंटरमध्ये गेलो. गाडी वर उचलल्यावर मी हात पुढं केला. पोरगा म्हणाला, "काका, बसा की आत. हात घाण होईल." शब्द तेच, इलाहीचे. पण त्याच्या तोंडी ते मनाला लागल्यामुळं आले होते आणि ह्याच्या तोंडी सवयीनं. मग त्यानं पेट्रोलचा बोळा घेतला आणि दार उघडलं, "हा जुना आकडा पुसून टाकतो." मी असा ओरडलो की काचेच्या खोलीतले सगळे उठून उभे राहिले. गाडी खाली घ्यायला लावली आणि तेल न बदलता घरी आलो.

इलाही असता तर म्हणाला असता, "सर, इंजिनाची माती कराल." खरंच आहे. उद्या-परवा कुठंतरी बदलावंच लागेल, आणि तो आकडाही पुसला जाईल. तोवर रोज सकाळी मी खाली उतरतो, दार उघडून पिवळा आकडा बघतो, काडी काढतो, थेंब बोटांत चोळतो, वास घेतो. ही वरून ओरडते, हात धुतल्याशिवाय कशाला शिवू नका म्हणून.

हात घाण झालेत, मिस्त्री... आता तरी द्या.