पोर कुणाच्या राज्यात जन्मलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. भोरच्या कचेरीत चौकशीच्या खोलीत रावसाहेबांनी मला विचारलं, "जन्म पासलीचा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" आणि मी म्हणालो, "वहिनींनी."

वहिनी तेव्हा बाहेर ओसरीवर पोराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नाही. मी बाहेर आलो तशा त्या हसल्या. काम झालं, असं त्यांना वाटलं.

आमचं घर पासलीत, वेल्ह्याच्याही पुढं डोंगरात. भाताची खाचरं आणि वर उतारावर नाचणी-वरई. थोरला भाऊ मुंबईला गोदीत गेला, तिथं एका कच्छी मिस्त्रीच्या हाताखाली सुतारकाम शिकला आणि त्याच मिस्त्रीच्या टोळीबरोबर बोटीत बसून आफ्रिकेत मोंबासाला गेला. गेला तेव्हा वहिनींना दिवस गेलेले होते. "पोर चालाय लागलं की दोघांस्नी बोलावतो," एवढं बोलून गेला. मी धाकटा. शिकून भोरला दरबारच्या कचेरीत कारकून झालो होतो, त्यामुळं घरात कागद म्हटला की माझ्यापुढं यायचा.

पुढं सांगून कुणाला खरं वाटायचं नाही, पण कालपरवापर्यंत भोर हे निराळं राज्य होतं. आम्ही संस्थानाची रयत. इंग्रजांच्या मुलखाला आम्ही खालसा म्हणायचो. कापूरहोळहून सासवडकडं गाडी वळवली की पुढं कुठंतरी खालसा लागायचा. तिथं ना फाटक, ना दगड. बैलांना कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. वहिनींचं माहेर त्याच वाटेवर, सासवडच्या अंगाला. पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरी गेल्या, जशा सगळ्या जातात, आणि पोरगा तिथं झाला.

पोर चालायला लागलं. भावाचं पत्र आलं, की आता पाठवा. त्याच्या मिस्त्रीनं हमी दिली होती, तिकडं उतरायची परवानगी निघण्यासारखी होती. राहिले फक्त इकडचे पासपोर्ट. मी आमच्या शिरस्तेदारांना विचारायला गेलो.

"मुलगा कुठला?" ते म्हणाले.

"आमचाच की. पासलीचा."

"कुणाचा ते नाही हो विचारत! जन्मला कुठं?"

"माहेरी. सासवडकडं."

त्यांनी चष्मा काढला आणि पोट धरून हसले. "शाबास! म्हणजे आई दरबारची रयत आणि लेक थेट विलायतेच्या बादशहाची! पान खाऊ घाला आता, घरात साहेब जन्मलाय तुमच्या."

मग त्यांनी नीट समजावलं. लग्नानंतर बाई नवऱ्याच्या राज्याची होते. नवरा भोरचा, म्हणून बाई भोरची. तिचा अर्ज दरबारातून वर, संस्थानांवर देखरेख करणाऱ्या एजन्सीकडं जाणार. पोर खालसात जन्मलं, म्हणून ते इंग्रजांचं. त्याचा अर्ज पुण्याला. दोघं एकाच राज्याची असती तर आईच्याच पासपोर्टात पोराचं नाव चढलं असतं. तसं नाही, तर दोन अर्ज. "तिथल्या पाटलाच्या दप्तरातून जन्माचा उतारा आणा," ते म्हणाले, "आणि पुण्याला खेटे घालायची तयारी ठेवा. वेळ लागेल. पण वाट आहे."

वाट होती. मला ती सांगितली गेली होती. ती माहीत नव्हती, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

पण घरी मी आधीच बोलून बसलो होतो. दिवाळीपर्यंत वहिनी बोटीत बसतील, म्हणून. आबा, म्हणजे आमचे वडील, चावडीवर सगळ्यांना सांगत सुटले होते की आमचा धाकटा दरबारात हाय, त्याचा एक शबुद पुरं. भोरला मला लोक ओळखत होते, बसायला सांगत होते. पुण्याच्या कचेरीत मी कोण? तिथं शिपाईसुद्धा विचारणार नव्हता. आणि मनात एक पळवाटही होती. आमच्यात पोर बापाच्या गावचं. माहेरी बाळंतपण झालं म्हणून कोणी पोराला आजोळचं म्हणत नाही. बारशाला, लग्नाला, कुठंही विचारा, पासलीचाच म्हणतील. मग मी तसं लिहिलं तर ते खोटं कसं? असं मी स्वतःला पटवलं, आणि आईच्या अर्जातच पोराचं नाव घालून जन्मगावापुढं पासली लिहिलं.

वहिनींना सांगितलं, "कुठं झाला विचारलं तर पासली सांगायचं."

"पर झालाय तर म्हायेरी."

"कागदापुरतं, वहिनी."

त्यांनी जरा विचार केला. "बरं. तुमी शिकलेलं. तुमास्नी म्हाईत."

चौकशीला भोरला निघालो तेव्हा शेजारच्या म्हातारीनं वहिनींना वाटेत गाठलं. "निगाली का गं आफ्रिकंला? परत येशील तवा मडमीवानी छत्री घिऊन येशील, आन् आमास्नी वळखायची बी न्हाईस."

"छत्री तुमास्नीच आणंन, आत्याबाई," वहिनी म्हणाल्या. "म्हंजे पावसात माजी आठवन हुईल."

म्हातारी खूश झाली. वहिनी वाटभर बोलत होत्या. समुद्र खारट म्हणजे किती खारट, तिकडं भाकरीला पीठ कसलं मिळतं, पोराला बाप ओळखेल का. शेवटचं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, ओळखेल की.

अर्जांची चौकशी रावसाहेबांकडं होती. त्यांनी वहिनींना समोर बसवलं. मी बाजूला उभा. नाव, गाव, नवरा काय करतो, सगळं सुरळीत चाललं. मग ते म्हणाले, "मुलगा कितवा?"

"पयलाच."

"जन्म कुठं झाला?"

"पासलीत."

रावसाहेबांनी मान वर केली. आवाज मायेचाच होता. "पहिलं बाळंतपण आणि सासरी? माहेरी नाही गेलीस, मुली?"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"का गं? आई नाही तुला?"

ह्याचा विचार मी केलाच नव्हता. मी कारकून माणूस, गावाचं नाव लिहिलं की झालं असं समजणारा. पण ती खोली आमच्याच मुलखातली होती. पहिलटकरीण माहेरी जाते हे त्या खोलीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. ती गेली नसेल, तर तिला आई नसणार.

वहिनींची आई तेव्हा धडधाकट होती. त्या बाईच्याच हातावर ते पोर जन्मलं होतं, आणि आत्ता त्याच्या डोक्यावर होतं ते टोपडं तिनंच शिवलेलं. वहिनींनी ते टोपडं नीट केलं. मग म्हणाल्या, "न्हाई. आई न्हाई मला."

रावसाहेबांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मग माझ्याकडं वळले. "पाटलाकडं विचारणा पाठवायला मला वेळ लागणार नाही. तुम्ही दरबारचं मीठ खाता. अर्ज तुमच्या अक्षरात आहे. जन्म पासलीचा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

एवढंच त्यांनी विचारलं. खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती कदाचित. कदाचित नुसता दम देऊन त्यांनी दुसरा अर्ज करायला लावलं असतं. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते, हे मला पुढं कळलं. पण मी म्हणालो, "वहिनींनी. बाईमाणूस, साहेब. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं."

परतीच्या वाटेवर वहिनी एकाएकी खाली बसल्या. "भावजी, म्या जित्या आईला मारलं वो."

"कागदापुरतं," मी पुन्हा म्हणालो.

अर्ज पुढं गेला नाही. अर्जदार बाईनं खोटी माहिती दिली, असा शेरा पडला. घरी मी ते अशा शब्दांत सांगितलं, की साहेबांना वहिनींच्या बोलण्याचा संशय आला. ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तरी सगळं खोटंच होतं. आबा कडाडले, "धड चार शबुद बोलता येईनात, आन् निगाली दर्या वलांडाय!" ते वाक्य आमच्या घरात राहिलं ते राहिलंच. भाकरी करपली की ते, म्हैस सुटली की ते. वहिनी उलटून बोलल्या नाहीत. "म्या नीट न्हाई बोलले," एवढंच म्हणायच्या. मी खाली मान घालून जेवत असायचो.

काहीच केलं नाही असं नाही. काही महिन्यांनी शिरस्तेदारांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "शेरा पुसता येतो. बाईंनी कुणाच्या सांगण्यावरून तसं सांगितलं, ते त्या माणसानं पुढं येऊन लिहून द्यावं." मग माझ्याकडं बघत राहिले. मी "बरं" म्हणून उठलो.

त्यानंतर लढाई लागली. बोटींवर बायकापोरांची जागा मिळेनाशी झाली, टपाल लांबलं. भाऊ विचारायचा, मी लिहायचो की प्रयत्न चालू आहेत. मग तो विचारायचा थांबला. लढाई संपल्यावर मुंबईहून आलेला एकजण म्हणाला, त्यानं तिकडं दुसरं घर केलंय. खरं-खोटं मी केलं नाही. वहिनींनाही सांगितलं नाही. त्या कुंकू लावतात, आणि सणाला त्याच्या नावानं पान वाढतात.

आता संस्थान विलीन झालं. खालसा आणि दरबार हा भेदच उरला नाही. ज्या न दिसणाऱ्या रेघेपायी हे सगळं झालं ती एका दिवसात पुसली, आणि कचेरीतले गठ्ठे पुण्याला रवाना झाले. त्या गठ्ठ्यांत तो शेरा कुठं गेला, कोणी वाचेल की वाळवी खाईल, मला ठाऊक नाही. मोंबासा अजून इंग्रजांकडं आहे. भाऊ आज कुठल्या राज्याचा? इतकी वर्षं तिकडं राहिला तो तिकडचा झाला, की इकडचाच? ज्याला विचारावं तो सांगतो, कायदा अजून व्हायचाय, थांबा. पूर्वी मला निदान वाट माहीत होती.

परवा वहिनी भोरला आमच्या घरी आल्या. केस पिकू लागलेत. पोरगा बरोबर होता, माझ्या खांद्याला लागलाय. बापाला त्यानं पाहिलेलं नाही.

"आता येकच राज झालं म्हनं," त्या म्हणाल्या.

"झालं."

"मंग आता पोर कुठं झालं हे कोन इचारायचं न्हाई न्हवं?"

"बघावं लागंल, वहिनी. आता कायदे निराळे होणार."

"बघा तुमी. आन् हे बघा भावजी, ह्या बारीला म्या नीट बोलंन. काय सांगायचं ते आदी शिकवा, म्या पाठ करते. मागल्या बारीला माज्याच तोंडानं नास झाला."

मी "बघतो" म्हणालो आणि पाणी आणायला आत गेलो. त्या दुपारच्या मोटारीनं गेल्या.

वहिनींचं एक देणं मी लागतो. त्यांच्यासमोर बसून सांगायचं, की त्या दिवशी तुम्ही अगदी मी शिकवलं तसंच बोललात, आणि आत जाऊन तुमचं नाव मी घेतलं. ते मी अजून सांगितलेलं नाही.