एकच पांढरी पिकअप

कतारमधल्या दुखानच्या कामगार कॅम्पमधल्या आमच्या खोलीला आम्ही कॅसिनो म्हणायचो. शुक्रवारी दुपारी तिथे खजुराच्या बियांवर रमी चालायची. पानं चांगली आली की मी मुद्दाम नशिबाला शिव्या घालायचो. माझ्याच गावचा रूम पार्टनर तीन वर्षं समोर बसून ते बघत होता.

एका शुक्रवारी आम्ही दोघे दोह्याला गाड्यांचं प्रदर्शन बघायला गेलो. कंपनीची बस चालवणं सोडून मला स्वतःच्या पिकअपवर माल वाहायचा होता. तिथे एकच पांढरी पिकअप उरली होती. मी लगेच तिला नावं ठेवायला लागलो. रंग फिका, टायर हलके, भाव दरोडेखोराचा. मग तणतणत दाराकडे निघालो. अशा वेळी विकणारा मागून हाक मारतोच.

हाक आली नाही. वळून पाहिलं, तर पार्टनर विकणाऱ्याचा हात हातात घेऊन उभा.

“अरे, ती माझी गाडी!”

“भाऊ, तूच भंगार म्हणालास ना? खलास, मी घेतली.”

पुढे नऊ वर्षं मी कंपनीची बसच चालवली. दुखान-दोहा रस्त्यावर मला मागे टाकताना तो दर वेळी हॉर्न द्यायचा. मी कधीच दिला नाही.