बर्फाच्या भरवशावर स्लॅब

अमेरिकेत एका हिवाळ्यात बर्फ कमी पडला, म्हणून सापगावात आमच्या घराला छप्पर राहिलं नाही. हे मी आजवर कुणालाही नीट समजावू शकलेलो नाही. बायकोला तर नाहीच.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी मुरबाडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. सुट्टीच्या दिवशी शहापूरच्या सायबर कॅफेत बसून मी अ‍ॅफिलिएट मार्केटिंग नावाचं प्रकरण शिकलो. आपण वेबसाइट काढायची, तिच्यावर एखाद्या वस्तूची माहिती लिहायची आणि वाचणाऱ्याने आपल्या लिंकवरून जाऊन ती वस्तू घेतली की दुकानदार आपल्याला दलाली देतो. मोबाइल, कॅमेरे यांच्यावर सगळं जग आधीच तुटून पडलेलं. शोधता शोधता मला अंगणातला बर्फ काढायचं यंत्र सापडलं. त्याच्यावर फार कुणी लिहिलं नव्हतं. मग मी लिहिलं. (बर्फ मी तोवर फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मासळीच्या टोपलीत पाहिला होता.) ओला बर्फ कसा काढावा, उतरत्या अंगणाला कुठलं यंत्र घ्यावं, फावडं मारताना कंबर कशी सांभाळावी, असे सतरा लेख मी डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजीत लिहिले.

त्या हिवाळ्यात तिकडे धो धो बर्फ पडला. मार्चमध्ये डॉलरचा चेक आला. बँकेतल्या साहेबांनी तो दोन्ही बाजूंनी निरखला आणि वटवायला दीड महिना लावला. पण वटला तेव्हा ती रक्कम माझ्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी निघाली. उरल्या वेळात एवढे, तर पूर्ण वेळ दिला तर किती, असा विचार करून मी पुढच्याच आठवड्यात राजीनामा दिला. बर्फाला माझ्या वेळेशी काही देणंघेणं नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, भातसानगरला धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या कामावरून रिटायर झालेले. त्यांनी विहारात सगळ्यांना सांगितलं की पोराला अमेरिकेतून पगार सुरू झाला. हा पगार नाही, असं मी दोनदा समजावलं. त्यांचं म्हणणं, दर महिन्याला येतो तो साधा पगार, वर्षातून एकदा येतो तो मोठ्या लोकांचा.

जानेवारीत दादांनी घराची सगळी कौलं उतरवली. पुढच्या चेकवर स्लॅब घालायचा, पावसाच्या आत. कौलं शेजारच्या गणपतला गोठ्यासाठी ऐटीत फुकट देऊन टाकली. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण गावात लोक मला आदराने ओटीवर बसवू लागले होते, आणि ते मला आवडायला लागलं होतं. पहिल्या चेकचे पैसे तोवर संपलेत, हेही मी घरात बोललो नव्हतो.

माझी बायको वैशाली बालवाडीत शिकवायची. तिने एकदाच विचारलं, “अवो, पण बर्फ नायच पडला तर?”

मी हसलो. अमेरिका आहे ती, म्हटलं.

त्या वर्षी अमेरिकेत ऊन पडलं. आम्ही ताडपत्रीखाली राहत होतो आणि दादा रोज सकाळी विचारायचे, आज किती पडला. मी सांगायचो, नाही पडला. धरणावर पाणी कमी भरलं तर वर कळवायची सोय होती. इथे कळवायचं कुणाला, हे त्यांना उमगत नव्हतं. फेब्रुवारीत एक यंत्र खपलं. आम्ही जिलेबी आणली. बाराव्या दिवशी त्या माणसाने बर्फच नाही म्हणून यंत्र परत केलं आणि माझी दलाली कापली गेली. जिलेबी मात्र कुणी परत घेणारं नव्हतं. बाकी खात्यात जे उरलं त्याचा चेकसुद्धा निघेना, इतकं ते कमी होतं.

मे महिन्यात दादा गणपतकडे गेले. कौलं परत मागायला. गोठा शाकारून झाला होता. गणपत वाईट माणूस नाही. त्याने त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, “काका, तुमी सांगा, म्हशी उन्हात बांधू का?”

दादा परत आले आणि दोन दिवस ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत बसले. ते दोन दिवस मला अजून आठवतात.

वैशालीने भिशीचे पैसे काढून पत्रे आणले. मी मुरबाडला जाऊन जुन्या साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी मला त्याच स्टोअरमध्ये कंत्राटावर घेतलं, अर्ध्या पगारावर. पावसाळाभर पत्र्यांचा एवढा आवाज व्हायचा की घरात कुणाला काही बोलता यायचं नाही. माझी त्यात सोयच झाली.

ऑगस्टमध्ये साइटच्या नावाची वर्षाची फी आली. ती मी भरली नाही. उगाच खर्च कशाला, म्हटलं. नाव दुसऱ्या कुणीतरी उचललं आणि माझी साइट बंद झाली.

आणि पुढच्या हिवाळ्यात तिकडे असा बर्फ पडला की टीव्हीवर गाड्यांची टपंसुद्धा दिसेनात. दादांनी हाक मारून मला अंगणातून आत टीव्हीपुढे बोलावलं. वर्षभरात मी त्यांना एवढं खुश पाहिलं नव्हतं.

“आला रे तुजा बर्फ,” ते म्हणाले.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, हो दादा, चांगला पडलाय. खरं सांगायला मला आणखी एक वर्ष लागलं.

दुसऱ्या दिवशी दादा शहापूरहून स्लॅबवाला कंत्राटदारच घेऊन आले. त्याने फिरून सगळं घर मोजलं, चहा घेतला आणि काम कधी सुरू करायचं ते मला विचारलं.

मी गंभीरपणे म्हणालो, “आधी तिकडचा बर्फ वितळू द्या.”

त्याने आदराने मान डोलावली. बर्फातला एवढा जाणकार माणूस त्याला शहापूर तालुक्यात दुसरा भेटला नसावा.